गव्हाच्या दाण्याएवढी मुळी

होस्टेल,
७ जुलै २००२

अक्का,

कालच गावाकडून परत आलो. माय म्हणाली, शिवकन्येला काही कळवू नको, तिकडं सुरतेला परक्या मुलखात रडत बसंल. पण तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आप्पांचं विसरणं आता चष्मा कुठं ठेवला एवढ्यावर राहिलं नाही. मागच्या आठवड्यात गावात दोघा भावांचं बांधावरून भांडण निघालं. असं काही निघालं की लोक आप्पांनाच बोलावतात, हे तुला ठाऊक आहे. दगड कोणी उपटून फेकला तरी बाभळीपासून किती पावलांवर तो होता हे ते सांगायचे आणि तलाठ्याच्या कागदापेक्षा लोक ते मानायचे. दोघं भाऊ त्यांना घेऊन गेले. आप्पा बांधावर उभे राहिले, लांबवर बघितलं आणि विचारलं, "हे वावर कोणाचं हाय?"

ते पलीकडचं, आपलंच वावर होतं.

कोणी हसलं नाही. त्यातल्या थोरल्यानं त्यांचा हात धरून घरी आणून सोडलं. तेव्हापासून आप्पा ओसरीच्या खाली उतरत नाहीत. मी गेलो तर मला म्हणाले, "माझ्या डोक्यात काहीतरी होऊन राहिलं, विश्वंभर. गावाला सांगू नको." त्यांना कळतंय, हे सगळ्यात वाईट.

पुनमचंदकाका मात्र तांड्यावरून रोज येतात, त्यांच्याजवळ बसतात. त्यांनी मला एक मुळी दाखवली. म्हणाले, "आमच्यात ज्या लेकराच्या ध्यानात काही ऱ्हात न्हाई त्याला म्हाताऱ्या बाया ही मधात उगाळून चाटवतेत. गव्हाच्या दाण्याएवढी. ज्यादा न्हाई." मी पिशवीभर घेऊन आलो आणि आमच्या सरांना दाखवली. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगासाठी विषय लागतोच. सर म्हणाले, उंदरांवर कर. स्मरणशक्तीवर सध्या चांगलं काम चाललंय.

तर मी कामाला लागलो आहे. दाजींना नमस्कार. कारखाना बंद असतो त्या महिन्यांत त्यांना सुट्टी मिळाली तर दोघं येऊन जा.

विश्वंभर


होस्टेल,
१ सप्टेंबर २००२

अक्का,

तू विचारलंस, उंदराला आठवतंय की नाही हे तुम्हाला कळतं कसं. सांगतो.

आमच्याकडं परसातल्या विहिरीसारखी गोल टाकी आहे, पण उथळ. पाण्यात दूध पावडर कालवून ते गढूळ करायचं. त्यात एका जागी बोटभर पाण्याखाली एक छोटी फळी ठेवलेली असते. ती वरून दिसत नाही. उंदराला पोहता येतं, पण आवडत नाही. पहिल्या दिवशी तो कडेकडेनं फिरतो, दमतो आणि चुकून त्या फळीवर चढतो. मी हातात स्टॉपवॉच घेऊन उभा. रोज चार वेळा सोडायचं. चौथ्या दिवसापर्यंत तो सरळ फळीकडं जातो. पाचव्या दिवशी फळी काढून घ्यायची. ज्याला आठवतंय तो त्याच जागी घिरट्या घालतो. फळी कुठं गेली ते शोधतो. ते बघवत नाही, पण आमचं मोजमाप तेच.

काही उंदरांना विसर पाडणारं इंजेक्शन देतात. ते पुन्हा पहिल्या दिवसासारखे कडेकडेनं फिरत राहतात. मी त्यांच्याकडं बघतो तेव्हा मला आपली ओसरी आठवते.

आता खरी गोष्ट. मुळीचा अर्क काढून मी तीन गटांना तीन डोस दिले. कमी, मधला, जास्त. ज्यांना जास्त डोस होता ते इंजेक्शन देऊनही वीस सेकंदांत फळीवर पोचले. बाकीच्यांना पन्नासच्या वर लागले. मी दोनदा मोजलं. सर सहसा कौतुक करत नाहीत, पण त्यांनी वही बघितली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

जास्तीच्या गटातले दोन उंदीर मेले. अर्क तोंडातून लांब बोथट सुई घालून थेट पोटात सोडावा लागतो. ती सुई कधी श्वासनळीत जाते. हे होत असतं. त्यांच्या जागी दुसरे घेतले.

पिंजऱ्यांची देखभाल करणारे मोहनसिंगमामा म्हणतात, तुम्ही उंदरांशी बोलता. बोलत असेन. दिवसभर दुसरं कोणी नसतं.

विश्वंभर


होस्टेल,
१० नोव्हेंबर २००२

अक्का,

तू ताटावरून उठून गेलीस. दिवाळीच्या दिवशी. मायनं ते ताट झाकून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं.

तू जे बोललीस त्याचा मी खूप विचार केला आणि तरी मला वाटतं की तुझं चुकलं. आप्पांना उचलून सुरतेला न्यायचं म्हणतेस. त्यांना स्वतःच्या घरातली मोरी सापडत नाही, तिथं तिसऱ्या मजल्यावर त्यांना काय सापडणार? तिथला मेंदूचा डॉक्टर काय देईल ते मला ठाऊक आहे. तेच मी शिकतो. या रोगाला त्यांच्याकडं औषध नाही.

दसऱ्यापासून मी त्यांना आपला अर्क देतो आहे आणि फरक आहे. पाडव्याला पुनमचंदकाका वाटेनं येताना दिसले तर आप्पांनी त्यांना लांबून ओळखलं. बापाच्या नावासकट हाक मारली. तू तिथंच होतीस. तू ते ऐकलंस आणि तरी विचारलंस, "हे औषध आजवर कोणत्या माणसाला दिलंय, ते सांग." मी उंदरांचे आकडे सांगायला लागलो तर म्हणालीस, "आप्पा काय तुझ्या पिंजऱ्यातला उंदीर हाय?"

मीही मग बोललो. लग्न होऊन गेलेल्या पोरीनं दोन दिवसांसाठी येऊन घर चालवू नये, असं. बोललो ते बोललो. तूही कमी बोलली नाहीस.

बाटली मायजवळ आहे. ती रोज सकाळी एक चमचा देते. तिला माझ्यावर भरवसा आहे.

विश्वंभर


हिंगोली,
२४ जानेवारी २००३

अक्का,

तुझ्याकडून दिवाळीनंतर पत्र नाही. तरी कळवतो. आप्पांना कावीळ झाली आहे. इथं दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात पाण्यातून झाली असेल, या दिवसांत आसपासच्या गावांत बऱ्याच जणांना झाली आहे. सलाईन चालू आहे. माय आणि मी इथंच आहोत.

अर्क मी सध्या थांबवला आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उगाच पोटावर भार नको म्हणून.

तू एवढ्या लांबून धावत यायची गरज नाही. चार-आठ दिवसांत घरी सोडतील.

विश्वंभर


गावाकडून,
११ मे २००३

अक्का,

तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्या त्या पत्रावर विसंबून तू थांबलीस आणि दोन फेब्रुवारीला आप्पा गेले. तुला त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेरवीपर्यंत तू राहिलीस, मायच्या अंथरुणाशेजारी झोपलीस, मला एकदाही हाक मारली नाहीस. तुला वाटतं मी त्यांना तुझ्याबरोबर पाठवलं नाही, हा माझा गुन्हा. तेवढाच असता तर मी तुझ्या पाया पडून मोकळा झालो असतो.

हे पत्र वाचायला बसशील तेव्हा दाजींना जवळ बोलाव.

परवा मी परसातून घरात आलो तर शेजारच्या रुक्माबाई मायजवळ बसलेल्या. त्यांच्या मालकांचंही हल्ली आप्पांसारखं झालंय. मागच्या आठवड्यात सेनगावच्या बाजारात गेले आणि परत यायची वाट विसरले. त्या मायला म्हणत होत्या, "तुमच्या पोरानं किसनरावाला औषध देल्तं, त्याचा गुण आल्ता म्हणं. उरलं असंल तर द्या की थोडं." आणि माय उठून फडताळातून बाटली काढत होती. अर्धी भरलेली. मी ती टाकून दिली नव्हती, अक्का. चार महिने ती तिथंच होती आणि मी तिच्याकडं न बघता येत-जात होतो.

मी मायच्या हातातून बाटली घेतली. रुक्माबाईंना म्हणालो, "काकू, याच औषधानं आप्पा गेले."

तोंडातून ते निघालं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आता नीट सांगतो. मी तुला लिहिलं होतं, दोन उंदीर मेले. चार मेले होते. सहाच्या गटातले चार. पहिले दोन मेले तेव्हा सर म्हणाले, सुई चुकली असेल, दुसरे घे. ते खरंही असू शकत होतं. पण नंतरच्या दोघांच्या आधी मोहनसिंगमामांनी मला पिंजऱ्याजवळ बोलावलं होतं. म्हणाले, "बाबू, इनके कान देखो. पीले पड़ रहे हैं." पांढऱ्या उंदराचे कान गुलाबी असतात. त्यांचे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते. शेपटीसुद्धा. मी म्हणालो, उजेडामुळं तसं दिसतं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि झाडू उचलून निघून गेले.

ते दोन मेले तेव्हा मी दार लावून त्यांना उघडून बघितलं. यकृत सुजलेलं, फिकट, हाताला तेलकट. सुई चुकली तर यकृताला काही होत नाही. मला ते कळलं. तिथं उभ्या उभ्या कळलं. आणि मी वहीत लिहिलं, "सुई चुकून मृत्यू," आणि दोन नवीन उंदीर आणले. सरांना यकृत दाखवलं नाही. त्यांचा यात काही दोष नाही. वीस सेकंदांचा आकडा वहीत होता आणि तो आकडा मला सोडवत नव्हता.

मग दसऱ्याला मी तोच डोस आप्पांच्या वजनाला गुणून बाटली भरली. उंदराचा डोस माणसाला असा सरळ गुणून देत नसतात, तो कितीतरी पटींनी जास्त होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. मलाही शिकवलं होतं. पुनमचंदकाकांनी तर आधीच सांगितलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढी. मला वाटलं, त्यांना काय कळतंय, मी शिकलेला आहे. मला घाई होती. आप्पा रोज थोडे थोडे जात होते आणि मला ते थांबवायचं होतं. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. घाई होती एवढंच खरं आहे.

अजून एक राहिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मायसमोर मला विचारलं होतं, "यांना कुठलं गावठी औषध, मुळी-बिळी दिली होती का? खरं सांगा, त्यावर उपचार बदलतो." मी "नाही" म्हणालो. माय माझ्याकडं बघत राहिली. रोज सकाळी चमचा तिनंच भरला होता. पण मी नाही म्हणालो म्हणून ती गप्प बसली. तिला वाटलं, पोरगा शिकलेला आहे, याला औषध म्हणत नसतील.

मी तेव्हा सांगितलं असतं तर आप्पा वाचले असते की नाही, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, असं त्यांना जाऊन विचारल्यावर ते म्हणाले. काल जाऊन आलो. ते रागावले नाहीत. केसपेपर शोधून काढायला लावला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जा."

मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चमचा माझ्या हातात व्हता, विश्वंभर." तेव्हापासून ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत बसते. मी तिला समजावतो, तिला ते पटत नाही. तू ये किंवा नको येऊ, पण तिला पत्र लिही.

विश्वंभर


होस्टेल,
२० डिसेंबर २००३

अक्का,

तुझं उत्तर नाही. मायला तू लिहितेस, ते ती मला वाचायला देते, मी वाचून दाखवतो. त्यात माझं नाव नसतं. ती पत्रं वाचताना मी थांबत नाही. एवढं मला जमतं.

तुला माझ्याकडून ऐकायचं नसेल तरी जे पुढं झालं ते सांगणं माझ्याकडं लागतं.

जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. मी दिला नाही. सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पहिली वही मागवून त्या चार नोंदी काढल्या. मग म्हणाले, "यकृत मला तेव्हाच का दाखवलं नाहीस?" मी म्हणालो, तो वीस सेकंदांचा आकडा जाईल म्हणून. "वर्ष जाईल तुझं," म्हणाले. मी म्हणालो, जाऊ द्या. त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं, त्यात स्वतःचं दुर्लक्षही लिहिलं. मग प्रयोग पुन्हा करायची परवानगी आली. या वेळी प्रत्येक उंदीर, मेलेला आणि जिवंत, उघडून बघायचा अशी अट.

पुनमचंदकाकांकडं मुळी मागायला गेलो. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी खाट टाकली. मिराबाईकाकूंनी पाणी दिलं. काका म्हणाले, "किसनराव माझा दोस्त व्हता. तुला जास्त द्यायची व्हती तर मला एकडाव इचारायचं व्हतंस. मी तुला सांगितलं असतं का, माझ्या आज्यानं एकदा बैलाला मूठभर चारली आन् बैल पिवळा होऊन मेला." मी म्हणालो, "काका, हे तुम्ही आधी काहून न्हाई सांगितलं?" ते म्हणाले, "गव्हाच्या दाण्याएवढी म्हणलो ना बाबा. आजून काय सांगायचं असतंय?"

मग आत जाऊन मुळ्या आणून दिल्या. मोजून.

चार महिने रोज टाकी भरली. जे निघालं ते असं: जास्त डोस दिलेल्या उंदरांना खरोखर जास्त आठवतं. ते मी खोटं लिहिलं नव्हतं. ते सरळ फळीवर जातात. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचे कान पिवळे होतात. दोन्ही खरं आहे. काकांच्या मापानं दिलं तर उंदराला काही होत नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. तांड्यातली लेकरं बहुतेक मधासाठी चाटत असतील.

शेवटच्या दिवशी मोहनसिंगमामा टाकीजवळ उभे होते. म्हणाले, "अबकी बार सब लिखा?" मी म्हणालो, सगळं.

प्रबंधात पहिल्या वेळच्या चार उंदरांचं वेगळं पान आहे. आप्पांचं नाव कुठं घालता येत नाही. माणसावर झालेल्या वापराचा उल्लेख म्हणून सरांच्या सांगण्यावरून दोन ओळी लिहिल्या: एक पुरुष, वय चौसष्ट, तीन महिने, मृत्यू. एवढंच.

रुक्माबाईंच्या मालकांना त्यांच्या पोरानं परभणीला दाखवलं. फरक नाही. पण जिवंत आहेत.

विश्वंभर


गावाकडून,
२२ ऑगस्ट २००४

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. पावणेदोन वर्षांनंतर माझ्या नावानं आलेलं पहिलं. त्यावर नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, एकच ओळ. "शेवटच्या दिवसांत आप्पांनी माझं नाव घेतलं होतं का? खरं लिही."

आठ दिवस मी उत्तर लिहून फाडतो आहे. पहिल्या कागदावर "हो" लिहिलं होतं. खूप सोपं होतं. दोनदा घेतलं म्हणून लिहिलं, कधी आणि कसं तेही लिहिलं. वाचताना मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तेव्हा फाडलं.

नाही घेतलं, अक्का.

तुझं नाही, मायचं नाही. शेवटचे तीन-चार दिवस त्यांना ग्लानी होती. मधून शुद्ध यायची तेव्हा पाणी मागायचे. कधी कोणाला तरी बांधाचं काही सांगायचे, ते समजायचं नाही. तू आली असतीस तरी त्यांनी तुला ओळखलं असतं असं मला वाटत नाही. पण तू त्यांना ओळखलं असतंस, त्यांचा हात धरून बसली असतीस. ते मी घालवलं.

एकच सलग बोलणं झालं, तेही सांगतो. शेवटच्या दिवशी दुपारी माय चहा आणायला खाली गेली होती. आप्पांनी डोळे उघडले. मी पांढरा सदरा घातला होता. मला ते डॉक्टर समजले. हातानं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "डाक्टरसायब, माझ्या पोराला कळवू नका. त्यो शहरात औषधाचंच शिकून राहिला. परीक्षा हाय त्याची. उगं धावत येईल."

मी म्हणालो, "न्हाई कळवत."

"लई हुशार हाय," म्हणाले. आणि डोळे मिटले.

माय चहा घेऊन आली. तिनं विचारलं, "काही बोलले का?" मी "न्हाई" म्हणालो. दीड वर्ष मी तिलाही हे सांगितलं नव्हतं. आज सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, खाली काढली. मग म्हणाली, "शिवकन्येला लिहिलंस का हे?"

मी म्हणालो, लिहायला बसतो आहे.

"लिही," म्हणाली. "आन् तिला म्हणावं, तिनं इचारलं ते बरं केलं."

विश्वंभर